सातचा भोंगा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत क्लबहाउसमध्ये केलेले भाषण. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



समितीने मला विषय दिला, 'सोशल मीडिया, कॉलेजची मुलं आणि मानसिक आरोग्य'. मी म्हटलं, अहो, मी डॉक्टर नाही, प्राध्यापक नाही. भोसरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं मेंटेनन्सला होतो. प्रेस, कन्व्हेयर, कॉम्प्रेसर यांची दुखणी मला कळतात, माणसांची नाही. त्यावर सचिव म्हणाले, "काका, म्हणूनच तुम्ही बोला. तुमच्या घरात जे झालं ते बिल्डिंगमध्ये सगळ्यांना अर्धवट माहीत आहे. पूर्ण कुणीच सांगत नाही."

मग मी मुलाला विचारलं. तो म्हणाला, "सांगा बाबा, पण मला बिचारा करू नका." तो आज मागे उभा आहे. माझं काही चुकलं तर त्याने हात वर करायचा, असं आमचं ठरलंय.

आपण २००१ साली इथे राहायला आलो तेव्हाचं माण जुन्या मंडळींना आठवत असेल. समोर भाताची खाचरं, संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर काळोख. हिंजवडीचं आयटी पार्क नुकतं उभं राहत होतं. आता गॅलरीत उभं राहिलं की मेट्रोचे खांब दिसतात. माझा मुलगा २००२चा. याच सोसायटीत त्याचं बारसं झालं. तुमच्यातल्या कितीतरी जणींनी त्याला मांडीवर घेतलंय. म्हणून आज बोलताना थोडं जड जातंय, आणि थोडं सोपंही.

तो २०२० साली बारावी झाला. इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली, आणि पहिलं वर्ष सगळं मोबाईलवर झालं. लेक्चर मोबाईलवर, परीक्षा मोबाईलवर, मित्र मोबाईलवर. ज्या पोरांना आपण अठरा वर्षं "फोन ठेव" म्हणत होतो, त्यांना आपणच सांगितलं, "फोन घे आणि खोलीत बस." हे आपण सोयीस्कर विसरतो. दुसऱ्या वर्षी कॉलेज सुरू झालं, तेव्हा वर्गातले चेहरे त्याच्या ओळखीचेच नव्हते. साठ जणांमध्ये ओळख अशी कुणाशीच नाही, पण इन्स्टाग्रामवर मात्र सगळे.

माझी सेकंड शिफ्ट असायची. कंपनीची बस रात्री एकच्या सुमाराला गेटवर सोडायची. घरात शिरलो की त्याच्या दाराखालून उजेड दिसायचा. मला वाटायचं, पोरगं अभ्यास करतंय. बायकोला म्हणायचो, "बघ, बापावर गेलाय." मेंटेनन्सचा माणूस मी. बेअरिंगचा आवाज बदलला की शॉपच्या दुसऱ्या टोकाला मला ऐकू यायचा, पण घरातला बदललेला आवाज मला सहा महिने ऐकू आला नाही.

आवाज होता, बरं का. तो दुपारी बारापर्यंत झोपायचा. जेवणाचं ताट खोलीत न्यायचा. लिफ्टमध्ये भेटला तरी मान वर करायचा नाही. तुमच्यापैकी काहींनी मला सांगितलं होतं, "हल्ली फार शिष्ट झालाय हो तुमचा." मी त्याच्यावर ओरडलो. आजारपण शिष्टपणासारखं दिसू शकतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

निकाल आला आणि वाय-डी. म्हणजे इयर डाऊन, वर्ष गेलं. त्याहून वाईट म्हणजे आम्हाला ते दोन महिन्यांनी कळलं. तोपर्यंत हा रोज डबा घेऊन निघायचा, पीएमपीच्या बसमध्ये बसायचा आणि कुठेतरी बाकावर फोन बघत दिवस काढून संध्याकाळी परत यायचा. डबा मात्र खाऊन यायचा, आईला संशय नको म्हणून.

मग मी काय केलं? बहुतेक बाप करतात तेच. फोन काढून घेतला आणि कपाटात कुलपात ठेवला. चार दिवस घरात स्मशानशांतता. पाचव्या दिवशी कळलं की त्याने मित्राचा जुना हँडसेट आणलाय. मी तोही घेतला. मग तो बोलायचाच बंद झाला. आणि गंमत बघा, वर्गाचा ग्रुप व्हॉट्सॲपवर, सबमिशनच्या तारखा त्याच्यावर, परीक्षेच्या सूचना त्याच्यावर. म्हणजे मी फोन काढून घेतला, त्याबरोबर कॉलेजही काढून घेतलं. मशीन गरम होतंय म्हणून मेन स्विच पाडायचा आणि 'दुरुस्त झालं' असं लॉगबुकात लिहायचं, तसला प्रकार.

एका रात्री तो स्वतःहून स्वयंपाकघरात आला. मी पाणी पीत होतो. म्हणाला, "बाबा, फोन हातात असला की वाईट वाटतं आणि नसला की भीती वाटते." मी विचारलं, भीती कसली? "सगळे पुढे गेलेत. कुणाला इंटर्नशिप, कुणी गोव्याला, कुणाला पॅकेज. मी एकटाच इथे आहे. बघितलं नाही तर आणखी काय काय झालं असेल, तेच डोक्यात फिरतं." बराच वेळ आम्ही दोघं ओट्याला टेकून उभे होतो. मला काही सुचलं नाही. पण त्या रात्री मी ओरडलो नाही, एवढं एक बरं केलं.

आम्ही पिंपरीतल्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. मला वाटलं होतं, ते मोबाईलवर भाषण देतील. त्यांनी आधी झोपेचं विचारलं, मग भुकेचं, मग मित्र किती आहेत ते. सगळं ऐकून म्हणाले, "याला नैराश्य आहे. फोनमुळे ते वाढलंय, आणि नैराश्य आहे म्हणून फोन वाढलाय. दोन्ही टोकांनी सोडवावं लागेल." मग माझ्याकडे वळून विचारलं, "घरी जेवताना कुणाकुणाचा फोन ताटाशेजारी असतो?" बायकोने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

आता थोडी माहिती सांगतो. या चार वर्षांत मी या विषयावर बरंच वाचलंय.

पहिली गोष्ट, 'व्यसन' हा शब्द आपण फार सैल वापरतो. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी नवी यादी २०२२पासून लागू झाली, तिच्यात मोबाईल-व्हिडिओ गेमच्या अतिरेकाला आजार म्हणून जागा आहे. सोशल मीडियाच्या व्यसनाला मात्र वेगळा आजार म्हणून नाही. म्हणजे जास्त रील बघणारं प्रत्येक पोर आजारी नाही. बघायचं ते हे, की झोप, अभ्यास, जेवण, माणसं यांतलं काही सुटतंय का? थांबवायचं ठरवूनही थांबवता येत नाही का? तसं असेल तर मदत घ्यायची. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये यासाठी २०१४पासून वेगळं क्लिनिक आहे. म्हणजे हा आपल्याच घरातला वेडेपणा नाही. देशातल्या एका नामांकित मानसोपचार संस्थेला त्यासाठी दार उघडावं लागलं.

दुसरी गोष्ट मला यंत्रवाला म्हणून फार पटली. कुठल्याही प्रेसवर एक मोठं लाल बटण असतं. काही झालं की दाबा, मशीन थांबतं. त्याच्याशिवाय मशीन बसवूच देत नाहीत. या ॲपमध्ये ते बटणच नाही. पूर्वी वेबसाइटवर पान संपायचं, 'पुढचं पान' दाबावं लागायचं. त्या क्षणी माणसाला वाटायचं, पुरे आता. २००६ साली एझा रास्किन नावाच्या डिझायनरने पान कधी संपणारच नाही अशी रचना केली. अंगठा सरकवत राहा, माल येत राहतो. पुढे त्याने स्वतःच याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. तेव्हा पोराला "तुझ्यात इच्छाशक्तीच नाही" म्हणण्याआधी हे लक्षात घ्या, की समोर बिन-ब्रेकचं मशीन आहे आणि ते हुशार इंजिनिअरांनी मुद्दाम तसं बनवलंय.

तिसरी गोष्ट. यामुळे खरंच मन बिघडतं, की बिघडलेलं मनच तिकडे जातं? डॉक्टरांनी आम्हाला दोन्ही सांगितलं होतं. पण एक अभ्यास माझ्या लक्षात राहिला. फेसबुक २००४ साली हार्वर्ड विद्यापीठात सुरू झालं आणि नंतर अमेरिकेतल्या एकेका कॉलेजात टप्प्याटप्प्याने गेलं. काही कॉलेजांत आधी, काहींत नंतर. तीन अर्थशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या आरोग्याच्या त्या काळातल्या पाहण्या काढून ताडून बघितल्या. जिथे फेसबुक पोचलं, तिथे नैराश्याच्या तक्रारी वाढलेल्या दिसल्या. हा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. आता गंमत अशी, की तेव्हा रील नव्हते आणि खिशात स्मार्टफोनही नव्हता. मुलं कॉम्प्युटरवर बसून एकमेकांचे फोटो बघायची, बस. मग बिघडलं कशाने? अभ्यासकांचा रोख तुलनेकडे आहे. 'सगळे मजेत, मी एकटाच मागे.' हे वाचलं तेव्हा मला आमचं स्वयंपाकघर आठवलं. माझ्या मुलाने रात्री दीड वाजता ओट्याला टेकून तेच सांगितलं होतं.

चौथी गोष्ट सांगतो, मग तुम्हाला सांगली जिल्ह्यात नेतो.

अमेरिकेतल्याच हजाराहून जास्त कॉलेजच्या मुलांना शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी विचारलं, चार आठवडे टिकटॉक बंद ठेवायचं किती घ्याल? सरासरी उत्तर, ५९ डॉलर. इन्स्टाग्रामचं? ४७ डॉलर. म्हणजे मुलांना ते मोलाचं वाटतं. मग प्रश्न फिरवला. तुमच्या कॉलेजातल्या सगळ्यांचंच बंद होणार असेल तर? आता तीच मुलं म्हणाली, तसं होणार असेल तर पैसे द्यायला तयार आहोत! टिकटॉकसाठी सरासरी २८ डॉलर, इन्स्टाग्रामसाठी १०. कळलं का? सगळे आहेत म्हणून मी आहे. सगळे उठले तर मी आनंदाने उठेन. पण एकट्याने उठायचं नाही, कारण एकटा उठला तर तो फक्त एकटा पडतो.

मी माझ्या मुलाला नेमकं हेच करायला लावत होतो. एकट्याला उठवत होतो.

आता सांगली. कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. तीनेक हजार वस्ती, ऊस शेती आणि साखर कारखान्यातली माणसं. कोविडनंतर शाळा उघडल्या तर पोरांचा अभ्यासाचा सरावच गेलेला. शाळेआधी फोन, शाळेनंतर फोन. तेव्हाचे सरपंच विजय मोहिते यांनी गावात विषय काढला, आणि २०२२च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमाराला ठरलं की रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजेल. भोंगा झाला की दीड तास टीव्ही बंद, मोबाईल बंद. अभ्यास करा, वाचा, नाहीतर एकमेकांशी बोला. साडेआठला सुटका.

माझ्या मुलाचं वर्ष गेलं ते याच उन्हाळ्यात. वडगावची बातमी मी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचली. आमचं सगळं आयुष्य भोंग्यावर गेलं. भोंग्याला शिफ्ट सुरू, भोंग्याला चहा, भोंग्याला सुट्टी. त्यामुळे ती बातमी मला जवळची वाटली. पण त्यातलं खरं मर्म मला नंतर कळलं. विषय पहिल्यांदा निघाला तेव्हा पुरुष मंडळी हसली होती. मग बायकांना एकत्र बोलावलं. त्यांनी कबूल केलं की आम्हीही मालिका फार बघतो, आणि बंद करायचं तर सगळ्या गावानेच करू. लक्षात घ्या, सुरुवात पोरांपासून नाही झाली. "आम्हीही बघतो" या वाक्यापासून झाली. शिवाय ग्रामपंचायतीचे कर्मचारी, शिक्षक, निवृत्त शिक्षक घरोघरी गेले. कुणाला दंड नाही, कुणाचा फोन जप्त नाही. भोंगा वाजला की सगळ्यांचंच बंद.

त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. ऑस्ट्रेलियाने तर सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियाची खाती बंद करणारा कायदा केला, तो डिसेंबर २०२५पासून लागूही झाला. पण मंडळी, आपला आजचा विषय कॉलेजची मुलं आहे. ती अठराच्या पुढची आहेत. मतदान करतात, गाडी चालवतात. त्यांच्या हातातून फोन ना सरकार काढणार, ना बाप. त्यांच्यासाठी बंदीचा रस्ता नाही. वडगावचा रस्ता आहे.

आमच्या घरी आम्ही छोटा भोंगा केला. रात्री दहाला तिघांचे फोन फ्रिजवर, चार्जरला. तिघांचे म्हणजे माझाही. सकाळी उठायला फोन लागतो ही सबब नको, म्हणून तीन गजराची घड्याळं आणली. पहिल्या आठवड्यात सगळ्यांत जास्त तडफड कुणाची झाली असेल? माझी. अकराला उठून "पाणी प्यायला जातो" म्हणून फ्रिजपाशी जायचो. मुलाने दोनदा पकडलं. तिसऱ्यांदा आम्ही दोघं हसलो. वर्षभरात आम्ही एकत्र हसल्याचं मला आठवत नव्हतं.

औषधं आठ-नऊ महिने चालली. डॉक्टरांनी सांगितल्यावरच थांबवली. मधे एकदा पुन्हा घसरला, रात्र रात्र जागायला लागला, पुन्हा गेलो. एक वर्ष उशिरा, २०२५ साली तो इंजिनिअर झाला. आता चाकणला ट्रेनी आहे. रील अजून बघतो. परवा जेवताना मला एक दाखवलंही. (हात वर झालाय. हो, दोन दाखवले.)

आता आपल्या सोसायटीबद्दल बोलतो. रौप्यमहोत्सवात गोड बोलायचं असतं, पण पंचवीस वर्षांचा सभासद म्हणून दोन शब्द कडू बोलू द्या.

आपण म्हणतो, पोरं फोनमध्ये घुसलीत, खाली येत नाहीत. खाली येऊन ती बसणार कुठे? पार्किंगमध्ये क्रिकेट बंद, गाड्यांना लागतं म्हणून. टेरेसला कुलूप. पायऱ्यांवर बसली की सिक्युरिटीवाला उठवतो, कारण आपल्यापैकीच कुणीतरी तक्रार केलेली असते. हे क्लबहाउस नऊला बंद होतं, आणि कॉलेजची मुलं घरी येतात साडेसात-आठला, हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून. अभ्यासिकेचा ठराव मी स्वतः एका सर्वसाधारण सभेत पाडला होता, विजेचं बिल वाढेल म्हणून. त्या मिनिट्समध्ये माझं नाव आहे, बघून घ्या. जी जागा आपण त्यांना दिली नाही ती त्यांना फोनने दिली. तिथे कुणी उठवत नाही, कुणी "कुठल्या विंगचा रे तू?" विचारत नाही.

आणि आपला व्हॉट्सॲप ग्रुप! पार्किंगवरून रात्री साडेबाराला भांडणारे आपण साठीचे. पोरं ते स्क्रीनशॉट काढून एकमेकांना पाठवतात. मला दाखवलेत.

आपल्या नावातच 'सहकारी' आहे. पाण्याचा टँकर आपण एकेकट्याने मागवला नाही, मिळून मागवला, म्हणून परवडला. हा प्रश्नही एका घराला परवडणारा नाही. म्हणून येत्या सर्वसाधारण सभेत मी तीन गोष्टी मांडणार आहे, तुमचं अनुमोदन हवं.

एक, क्लबहाउस रात्री अकरापर्यंत उघडं. अर्धं अभ्यासाला, अर्धं कॅरम-गप्पांना. विजेचा वाढीव खर्च पहिल्या वर्षी मी भरतो, जुनं पाप आहे. दोन, रोज नव्हे, आठवड्यातून एक दिवस, शनिवारी रात्री आठ ते साडेनऊ, सोसायटीचा भोंगा. फोन घरी ठेवून खाली यायचं. येणं ऐच्छिक, पण कमिटीच्या सभासदांना सक्तीचं. तीन, रात्री दहानंतर सोसायटीच्या ग्रुपवर फक्त आग, पाणी आणि लिफ्ट एवढेच मेसेज. पार्किंग सकाळी.

आणि एक गोष्ट सभेत मांडायची नाही, प्रत्येकाने घरी करायची. तुमच्या घरातलं पोर झोपत नसेल, जेवत नसेल, अचानक गप्प झालं असेल, "काही अर्थ नाही" असं बोलत असेल, तर ते शिष्ट आहे, आळशी आहे असं म्हणू नका. शेजारी बसा. विचारा, आणि उत्तराच्या मधे बोलू नका. सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. डॉक्टर अवचट दांपत्याने १९८६ साली पुण्यात सुरू केलेलं मुक्तांगण आहे. व्यसनाच्या बाबतीत घरच्यांनाही उपचारात धरायचं असतं, हे त्यांनी महाराष्ट्राला शिकवलं. आणि यांतलं काहीच नको असेल तर बी विंगमध्ये मी आहे. उपाय माझ्याकडे नाहीत, चहा आहे. मुलाने सांगितलंय, कॉलेजमधल्या कुणाला बोलायचं असेल तर त्याच्याशीही बोला. वाय-डीचा अनुभव आहे म्हणतो.

सभा होईल तेव्हा होईल, पण या शनिवारी आठ वाजता अध्यक्षांच्या परवानगीने आपण एकदा करून बघू. भोंगा कारखान्यातल्या मित्राकडून मागून आणलाय, हाताने फिरवायचा आहे. कॅरम बोर्ड सी विंगमधून येतोय, पावडर मी आणतो. येताना फोन घरी ठेवा. फ्रिजवर चांगला राहतो.